देणगी, वर्गणी आणि एक न सापडणारा आकडा : भंडारा जिल्ह्याच्या निमित्ताने

अमेरिकेत निवडणूक आली की एका ठरावीक प्रकारची बातमी आपल्याकडेही फिरते. अमुक कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी या पक्षाला इतके डॉलर दिले, त्या पक्षाला तितके. सोबत रंगीत आलेख असतो आणि आपण तो पाहून पुढे सरकतो. संशोधनाची तयारी करणाऱ्याने मात्र तिथे थांबून दोन प्रश्न विचारायला हवेत. हे मोजलं कुणी आणि कसं? आणि असाच आकडा आपल्या जिल्ह्यासाठी काढता येईल का? म्हणजे समजा, भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या कारखान्याच्या कर्मचाऱ्यांनी लोकसभेच्या निवडणुकीत कुठल्या पक्षाला किती पैसे दिले?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच सांगून टाकतो : नाही काढता येत. आजचाही नाही आणि १९५२ चाही नाही. पण "माहिती उपलब्ध नाही" हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहून मोकळं होऊ नका. माहिती का उपलब्ध नाही, यालाही एक इतिहास असतो, आणि पुष्कळदा तोच खरा विषय निघतो. आजचा लेख त्या इतिहासाबद्दल आहे. मी विज्ञान शाखेतून आलो आहे, त्यामुळे मला हा प्रश्न आधी मोजमापाचा वाटतो : उपकरणात जे दिसत नाही ते नाहीच, की उपकरण तिथपर्यंत पोचतच नाही?

आकडा तयार होतो फॉर्मवर

आधी अमेरिकेचं बघू, कारण तिथलं गणित सोपं आहे. तिथल्या संघीय निवडणुकांत उमेदवाराला थेट पैसे द्यायला कंपन्यांना १९०७ पासून बंदी आहे. त्या वर्षीच्या टिलमन कायद्याने ती घातली. माणसं मात्र देऊ शकतात. एखाद्याने २०० डॉलरपेक्षा जास्त दिले, की घेणाऱ्याला त्याची नोंद संघीय निवडणूक आयोगाकडे द्यावी लागते. त्या नोंदीत नाव आणि पत्त्यासोबत आणखी दोन रकाने असतात : व्यवसाय काय, आणि नोकरी कुणाकडे.

सगळी जादू या शेवटच्या रकान्यात आहे. लाखो नोंदी घ्यायच्या, "नोकरी कुणाकडे" या रकान्यानुसार त्यांची चळत लावायची, बेरीज करायची. झाला तयार "कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या देणग्यांचा" आकडा. यात कंपनीने काही दिलेलं नसतं. कर्मचारी एकत्र बसून काही ठरवतात असंही नाही. २०० डॉलरच्या आत देणारे बहुतेक जण या बेरजेत येतच नाहीत, म्हणजे साहेब लोक जास्त दिसतात आणि गोदामातला हमाल कमी दिसतो. तरी बातमीचं शीर्षक पुष्कळदा "कंपनीने दिले" असंच असतं.

आता आपला फॉर्म. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २००३ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून एका आर्थिक वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त देणाऱ्यांची यादी राजकीय पक्षांना निवडणूक आयोगाला द्यावी लागते. त्यासाठी नमुना २४-अ आहे. त्यात देणाऱ्याचं नाव, पत्ता, पॅन, रक्कम आणि पैसे कसे दिले हे लिहायचं असतं. नोकरी कुठे करतो, हा रकाना त्यात नाही.

म्हणजे दोन गोष्टी झाल्या. २०,००० च्या खालचा माणूस उपकरणाच्या क्षमतेबाहेर आहे. आणि त्याच्या वर जो दिसतो, तो कुठल्या कारखान्यात काम करतो हे कळायची सोय नाही. "कंपनीच्या कर्मचाऱ्यांची देणगी" ही जातकुळीच आपल्या नोंदवहीत नाही.

भंडारा, १९५२ ते १९५४

मग आपल्या नोंदवहीत काय आहे? याचं उत्तर शोधायला भंडारा जिल्ह्याइतकी चांगली जागा क्वचित सापडेल, कारण कंपनी आणि निवडणूक यांची गाठ इथे अगदी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतच पडली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

थोडी पार्श्वभूमी. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. आजचा गोंदिया जिल्हाही भंडाऱ्यातच होता, तो वेगळा झाला १ मे १९९९ ला. भंडारा लोकसभा मतदारसंघ द्विसदस्यीय होता, म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन खासदार : एक सर्वसाधारण जागेवर, एक अनुसूचित जातींसाठी राखीव जागेवर. आणि जिल्ह्याचा मोठा धंदा होता बिडीचा. जंगलात तेंदूपत्ता, धानशेतीत वर्षाचे काही महिने हाताला काम नाही, त्यामुळे घरोघरी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणारी माणसं.

१९५२ च्या निवडणुकीत सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज जसानी निवडून आले. ते मुलजी सिक्का आणि कंपनी या बिडी बनवणाऱ्या पेढीचे भागीदार होते. ही पेढी सैनिकांसाठीच्या सरकारी कँटीन भांडाराला बिड्या पुरवत असे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७(ड) प्रमाणे, सरकारला माल पुरवण्याच्या करारात ज्याचा हितसंबंध आहे असा माणूस निवडून यायला अपात्र होता. मोरेश्वर पराशराम आणि इतरांनी आव्हान दिलं. "चतुर्भुज विठ्ठलदास जसानी विरुद्ध मोरेश्वर पराशराम" हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही वाचावा लागतो.

बचावाचा एक मुद्दा तांत्रिक होता. घटनेच्या कलम २९९ प्रमाणे सरकारी करार राष्ट्रपतींच्या नावाने, ठरलेल्या पद्धतीने व्हायला हवेत. इथे तर सगळा व्यवहार पत्रापत्रीने झालेला, मग हा करार कुठे झाला? न्यायमूर्ती विवियन बोस यांनी लिहिलेल्या निकालात हे मान्य झालं नाही. सरकारी अधिकारी रोज असे असंख्य छोटे व्यवहार करतात, प्रत्येकाला राष्ट्रपतींच्या नावाचा दस्त लागला तर राज्यकारभार चालणार नाही, असा त्यामागचा विचार. हितसंबंध होता, तेव्हा अपात्रताही आली.

याच खटल्यात दुसरा प्रश्न होता राखीव जागेचा. गंगाराम ठवरे यांचा अर्ज फेटाळला गेला होता. ते महानुभाव पंथात गेले, म्हणून आता महार राहिले नाहीत, असं कारण दिलं होतं. न्यायालयाने ते चुकीचं ठरवलं. परिणामी सगळी निवडणूकच रद्द झाली, आणि १९५४ मध्ये दोन्ही जागांसाठी पोटनिवडणूक झाली.

ती पोटनिवडणूक तुम्हाला दुसऱ्या कारणाने माहीत असेल. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून थोड्या जास्त मतांनी हरले. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता जिंकले. हिंद मजदूर सभेच्या उभारणीत पुढे असलेले, कामगार चळवळीतले ते नेते.

आता हा सगळा प्रसंग आपल्या प्रश्नाच्या चष्म्यातून पुन्हा बघा. बिडीचा पैसा आणि निवडणूक यांचा संबंध कायद्याला दिसला. पण कुठे दिसला? भागीदाराच्या हितसंबंधात. पेढीने कोणत्या भांडाराला बिड्या पुरवल्या, पत्रव्यवहार कधी झाला, करार कधीपर्यंत चालू होता, याचे कागद न्यायालयासमोर आले आणि म्हणून इतिहासालाही मिळाले. त्या बिड्या ज्यांनी वळल्या त्यांनी या दोन निवडणुकांत कुणासाठी आणा-दोन आणे काढले, कुणासाठी मजुरी बुडवून फिरले, हे त्या खटल्यात असण्याचं कारणच नव्हतं. खटल्याचा दोष नाही हा. खटला जे विचारतो तेवढंच लिहून ठेवतो.

"कर्मचारी" म्हणजे कोण?

इथे अजून एक अडचण आहे आणि ती अमेरिकेच्या आलेखात येत नाही. समजा, भंडाऱ्याच्या फॉर्मवर "नोकरी कुणाकडे" हा रकाना १९५४ मध्ये असता. घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईने त्यात काय लिहिलं असतं?

बिडीच्या धंद्यात मालक आणि वळणारा यांच्यामध्ये सट्टेदार असे. तो कारखान्यातून पत्ता आणि तंबाखू न्यायचा, घरोघरी वाटायचा, वळलेल्या बिड्या गोळा करून कारखान्यात पोचत्या करायचा. हे लोक कारखान्याचे कामगार आहेत का, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. मध्य प्रदेशातल्या सागरच्या बिडी कारखान्याच्या "चिंतामण राव" खटल्यात, १९५० च्या दशकाअखेर, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सट्टेदार आणि त्यांची माणसं ही कारखाना कायद्याखाली कामगार नाहीत. पुढे १९६१ च्या "बिरधीचंद शर्मा" खटल्यात, नागपूरच्या एका कारखान्यात येऊन बसून बिड्या वळणारे मात्र कामगार ठरले. म्हणजे काम तेच, बिडी तीच, पण कुठे बसून वळली यावर माणसाची ओळख बदलत होती.

हा घोळ संसदेने १९६६ मध्ये सोडवायचा प्रयत्न केला. बिडी व सिगार कामगार कायद्याने "कर्मचारी" शब्दाच्या व्याख्येतच घरखेपी कामगाराला घातलं. मालकाने किंवा कंत्राटदाराने कच्चा माल दिला आणि घरी बिडी वळली, तरी ती व्यक्ती कर्मचारी.

संशोधनाच्या दृष्टीने याचा अर्थ साधा पण महत्त्वाचा आहे. १९५२ किंवा १९५४ च्या भंडाऱ्यात "कंपनीचे कर्मचारी" हा संच आखायचा कसा, हेच तेव्हा ठरलेलं नव्हतं. आजची व्याख्या उचलून त्या काळावर ठेवली, तर संच आपण तयार केलेला असेल, त्या काळाने नव्हे.

कंपनीचा पैसा : सत्तर वर्षांची ये-जा

कामगार अंधारात असताना कंपनीच्या पैशावर मात्र उजेड पडत होता, कधी जास्त, कधी कमी. हा भाग थोडक्यात सांगतो, कारण नेट-सेटच्या पुस्तकांत तो मिळतो.

१९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या स्थापनापत्रात बदल करायचा होता. जयंतीलाल रणछोडदास कोटीचा या भागधारकाने विरोध केला. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश छागला यांनी कंपनीला परवानगी दिली, कारण कायद्यात अडवणारं काही नव्हतं. पण अशा पैशाचा लोकशाहीला असलेला धोका त्यांनी स्पष्ट बोलून दाखवला आणि संसदेने याकडे लक्ष द्यावं असं सुचवलं. १९६० मध्ये कंपनी कायद्यात कलम २९३-अ आलं : २५,००० रुपये किंवा मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्के, यातली मोठी रक्कम ही मर्यादा. १९६९ मध्ये सरसकट बंदी. १९८५ मध्ये पुन्हा परवानगी, ५ टक्क्यांच्या मर्यादेसह. २०१३ च्या नव्या कंपनी कायद्यात मर्यादा साडेसात टक्के झाली. २०१७ मध्ये ती मर्यादाच काढली आणि निवडणूक रोखे आणायची तयारी झाली. रोखे २०१८ मध्ये सुरू झाले आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने रद्द केले.

रोख्यांची किंमत १,००० रुपयांपासून १ कोटीपर्यंत होती. म्हणजे कागदावर भंडाऱ्यातला कामगारही एक रोखा घेऊ शकत होता. प्रत्यक्षात सुमारे १६,५०० कोटींचे रोखे विकले गेले आणि त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त रक्कम एक-एक कोटीच्या रोख्यांची होती. हे उपकरण कुणासाठी बनवलं होतं, ते एवढ्या एका वितरणावरून समजतं.

कामगाराचा पैसा : १९२६ ची एक छोटी तरतूद

आता लेखाचा मुख्य मुद्दा. कामगारांच्या राजकीय पैशासाठी आपल्या कायद्यात काहीच जागा नव्हती, असं नाही. कंपन्यांच्या देणग्यांवर कायदा यायच्या चौतीस वर्षं आधी ती जागा केली गेली होती, फक्त आपण तिकडे बघत नाही.

गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये. रेल्वे कामगारांच्या संघटनेचा सभासद वॉल्टर ऑस्बोर्न स्वतः लिबरल विचारांचा होता. त्याची संघटना सभासदांकडून सक्तीने पैसे घेऊन मजूर पक्षाला द्यायची. माझ्या पैशाने मला नको असलेला पक्ष का पोसायचा, म्हणून तो न्यायालयात गेला आणि १९०९ मध्ये जिंकला. संघटनांचा राजकीय पैसाच थांबला. १९१३ च्या कायद्याने मधला मार्ग काढला : राजकीय फंड वेगळा ठेवा, आणि ज्याला द्यायचं नाही त्याला बाहेर राहता येईल अशी सोय करा.

भारतातल्या १९२६ च्या कामगार संघटना कायद्यात कलम १६ आलं ते याच वादाच्या छायेत. नोंदणीकृत संघटनेला सभासदांच्या नागरी आणि राजकीय हितासाठी स्वतंत्र फंड उभारता येतो. त्यातून उमेदवाराचा निवडणूक खर्च, सभा, पत्रकं, मतदार नोंदणी यांवर खर्च करता येतो. पण तीन अटी. या फंडाची वर्गणी वेगळी घ्यायची, नेहमीच्या फंडातून वळवायची नाही. कुणावर सक्ती करायची नाही. आणि जो देणार नाही त्याला संघटनेच्या बाकी लाभांपासून दूर ठेवायचं नाही, किंवा ही वर्गणी म्हणजे सभासदत्वाची अट करायची नाही.

मालकाच्या बाजूनेही एक कडी होती. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात मजुरीतून कोणकोणत्या कपाती करता येतात याची यादी होती. त्यात कामगाराच्या लेखी संमतीने संघटनेचं शुल्क कापता येत असे, पंतप्रधान सहायता निधीसाठी कापता येत असे. राजकीय पक्ष त्या यादीत नव्हता. म्हणजे या कायद्याखाली येणाऱ्या कामगाराच्या पगारातून पक्षासाठी परस्पर पैसे वळते करायला कायद्याने वाव ठेवलेला नव्हता.

दोन्ही तरतुदींच्या मुळाशी एकच काळजी आहे : कामगाराला "नाही" म्हणता यायला हवं. कर्मचाऱ्यांची देणगी या विषयात सगळ्यात मोठा प्रश्न रकमेचा नसतो. दिली की घेतली, हा असतो. मुकादमाने पावतीपुस्तक पुढे केलं आणि उद्या कामावर यायचं आहे, अशा वेळी दिलेले शंभर रुपये आणि संघटनेच्या सभेत हात वर करून दिलेले शंभर रुपये, आकड्यात सारखेच दिसतात.

एक जिल्हा, चार फाटकं

हे सगळं आजच्या भंडाऱ्यावर ठेवून बघू. चार जागा घेतो. यातल्या कुणी काही केलं असं मी म्हणत नाही. कायदा प्रत्येक फाटकावर काय म्हणतो, एवढंच बघायचं आहे.

जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना. इथला कर्मचारी केंद्र सरकारचा नोकर. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ मधला नियम ५ सांगतो की सरकारी नोकराने राजकीय पक्षाचं सभासद व्हायचं नाही आणि राजकीय चळवळीला वर्गणीही द्यायची नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेला, पण जुन्या कर्मचाऱ्यांना प्रतिनियुक्तीवर धरलं गेलं.

तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी. त्या मॉइलच्या, म्हणजे सरकारी कंपनीच्या. सरकारी कंपनीला राजकीय देणगी द्यायला बंदी आहे आणि पक्षांना ती घ्यायलाही. खाणकामगार मात्र आपल्या संघटनेच्या राजकीय फंडात वर्गणी देऊ शकतो.

वरठीचा पोलाद कारखाना किंवा गडेगावचा वाहन कारखाना. खाजगी कंपन्या. कंपनीलाही देता येतं, कामगारालाही, दोघांचे नियम वेगळे.

आणि चौथं फाटक, जिथे फाटकच नाही : बिडी वळणाऱ्या बाईचं घर. तिला पूर्ण मोकळीक आहे. पण ती जे देईल ते २०,००० च्या इतकं खाली असेल, की आयोगाच्या यादीत तिचं नाव येणार नाही.

रुपया एकच, जिल्हा एकच, आणि कायद्याच्या नजरेत त्याची चार रूपं. म्हणून "भंडारा जिल्ह्यातील कर्मचाऱ्यांचे राजकीय योगदान" असा विषय घेऊन कुणी गाईडकडे जाणार असेल, तर पहिल्या प्रकरणातच हे चार गट वेगळे करावे लागतील.

मग रकाना वाढवावा का?

विज्ञानाच्या माणसाला वाटेल, उपाय सोपा आहे. मर्यादा खाली आणा, "नोकरी कुणाकडे" हा रकाना घाला, सगळं दिसेल. मलाही हा विषय वाचायला घेतला तेव्हा असंच वाटायचं. आता वाटत नाही, आणि कारण सांगतो.

मालक ज्या पक्षाचा आहे, त्याच्या विरोधी पक्षाला एखाद्या कामगाराने पाचशे रुपये दिले, आणि ते त्याच्या नावासह, कारखान्याच्या नावासह कुणालाही बघता येईल अशा यादीत आले. संशोधकाला एक नोंद मिळाली. कामगाराला काय मिळेल? भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात, जिथे मोजके कारखाने आहेत आणि सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे हा प्रश्न कल्पनेतला नाही.

२०२४ च्या निकालात न्यायालयाने याच ताणाला हात घातला. माणसाचा राजकीय कल ही त्याची खाजगी बाब आहे आणि पाठिंबा म्हणून दिलेला पैसा त्या कलात मोडतो, हे मान्य केलं. पण धोरण आपल्या बाजूला वळवण्यासाठी दिलेल्या पैशाला हे संरक्षण नाही. कंपनीची देणगी बहुतांशी धंद्याचा व्यवहार असते, तिची आणि व्यक्तीच्या देणगीची बरोबरी करता येत नाही, असंही सांगितलं. त्या चौकटीत २०,००० ची रेषा वेगळी दिसू लागते. आपल्यासाठी ती उपकरणाची मर्यादा आहे. चौथ्या फाटकातल्या बाईसाठी तो आडोसा आहे.

म्हणून मी या निष्कर्षावर आलो आहे : कामगाराच्या राजकीय पैशाचा इतिहास नावानिशी मिळणार नाही आणि तसा मिळावा असा हट्टही धरू नये. तो एकत्रित स्वरूपात शोधावा, आणि त्यासाठी जागा आहे. नोंदणीकृत संघटनेला दरवर्षी निबंधकांकडे जमाखर्चाचं विवरण द्यावं लागतं. त्याच्या ठरलेल्या नमुन्यात राजकीय फंडाचा हिशेब वेगळा दाखवायचा असतो : सभासदांकडून किती आले, कशावर गेले. व्यक्ती झाकलेली राहते आणि समूह दिसतो. पक्षांच्या यादीच्या नेमकं उलट.

कामाला लागणाऱ्यांसाठी

कुणाला यावर लघुप्रबंध किंवा पीएच.डी.चा प्रस्ताव करायचा असेल, तर चार गोष्टी.

एक. शब्द बदलून शोधा. जुन्या वर्तमानपत्रांत आणि संघटनांच्या अहवालांत "देणगी" शोधाल तर शेटजी सापडतील. कामगार देणगी देत नाही, तो वर्गणी देतो, विदर्भात चंदा देतो, फंडाला पैसे देतो. इंग्रजी कायद्यात सगळ्यांसाठी एकच शब्द असल्याने हा फरक तिथे दिसत नाही. मराठीत तो शब्दातच आहे, त्याचा फायदा घ्या.

दोन. राज्य बघून मग दप्तर शोधा. भंडारा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, मग मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. कागद राज्यांबरोबर फिरतात. मुंबईत न सापडलेला कागद नागपूरला किंवा भोपाळला असू शकतो.

तीन. संघटनेच्या विवरणात राजकीय फंडापुढे शून्य दिसलं, तर "कामगारांनी काही दिलं नाही" असं लिहू नका. त्याचे निदान तीन अर्थ निघतात : फंड उभारलाच नाही, उभारला पण नोंदवला नाही, किंवा पैसा संघटनेबाहेरून थेट पक्षाकडे गेला. कुठला अर्थ खरा, हे दुसऱ्या साधनाने ताडून बघावं लागेल, म्हणजे मुलाखती, पावतीपुस्तकं, सभांची पत्रकं.

चार. मुलाखती घ्याल तेव्हा "किती दिले" याआधी "कुणी मागितले आणि कुठे मागितले" हे विचारा. कारखान्याच्या फाटकात, सट्टेदाराच्या ओट्यावर, संघटनेच्या सभेत की वस्तीतल्या विहारात? मागणारा कोण होता हे कळलं, की ते देणं होतं की घेणं, याचा अंदाज बांधता येतो. आणि नावं प्रबंधात घालू नका, सांगणारा हयात असेल तर नाहीच नाही.

१९५४ ची पोटनिवडणूक बघितलेली, वयाची नव्वदी गाठलेली माणसं जिल्ह्यात आजही भेटू शकतात. मुलजी सिक्का कंपनीने कँटीनला पुरवलेल्या बिड्यांचा हिशेब निकालपत्रात कायमचा राहणार आहे. या माणसांकडे असलेला हिशेब कुठेच लिहिलेला नाही. विषय निवडायचा असेल, तर यंदाच्या सुट्टीत रेकॉर्डर घेऊन आधी तिकडे जा.